नगरची ॲना, सयामची मास्तरीण

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधीतरी टीव्हीवर 'द किंग अँड आय' किंवा जोडी फॉस्टरचा 'ॲना अँड द किंग' पाहिला असेल. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजाच्या मुलांना इंग्रजी शिकवायला एक विधवा गोरी बाई येते, अशी ती गोष्ट. ती बाई खरी होती. नाव ॲना लिओनोवेन्स. सिनेमात न आलेली गोष्ट अशी, की ही ॲना आपल्या शेजारची. आपण कन्नडचा घाट चढून, संभाजीनगर ओलांडून ज्या नगरला जातो, तिथे १८३१ साली तिचा जन्म झाला.

वडील थॉमस एडवर्ड्स मूळचे सुतारकाम करणारे, पुढे कंपनीच्या फौजेत सार्जंट झाले. ॲनाच्या जन्माआधी तीनच महिने ते वारले. आईने दुसरं लग्न एका आयरिश शिपायाशी केलं. आईकडून ॲनाच्या अंगात हिंदुस्थानी रक्तही असावं, असं अभ्यासक मानतात. त्या काळच्या गोऱ्या समाजात अशा मुलांची जागा अगदी तळाला होती. १८४९ च्या नाताळात पुण्यात तिचं थॉमस लिओन ओवेन्स या कारकुनाशी लग्न झालं. पुढे नवऱ्याच्या नोकरीपायी ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, पेनांग अशी भटकंती झाली. चारपैकी दोन मुलं तान्हेपणीच गेली. १८५९ मध्ये पेनांगला नवराही गेला. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांचीही नव्हती आणि पदरात एव्हिस आणि लुई ही दोन मुलं होती.

सिंगापुरात तिने इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी छोटी शाळा काढली. आणि इथेच तिने आपला जन्म नव्याने लिहिला. आपण वेल्समध्ये जन्मलो, वडील सैन्यात कॅप्टन होते, नवराही मोठा अधिकारी होता, असं ती सांगू लागली. सार्जंटच्या अर्ध्या हिंदुस्थानी मुलीकडे कुणी आपली मुलं पाठवली नसती, हे तिला पक्कं ठाऊक असणार.

१८६२ मध्ये सयामचा राजा मोंगकुट शिक्षिका शोधत होता. राजा होण्याआधी सत्तावीस वर्षं भिक्खू राहिलेला हा माणूस इंग्रजी शिकलेला, खगोलशास्त्राचा नादी होता. राजवाड्यात आधी मिशनऱ्यांच्या बायका शिकवत, पण त्यांचा ओढा धर्माकडे. राजाला मुलांसाठी भाषा आणि विज्ञान हवं होतं, धर्मांतर नको होतं. ॲनाने ते मान्य केलं. एव्हिसला इंग्लंडच्या शाळेत ठेवून ती लहानग्या लुईसह बँकॉकला गेली. सुमारे पाच वर्षं तिने राजाच्या मुलांना आणि राण्यांना शिकवलं, राजाचा इंग्रजी पत्रव्यवहारही सांभाळला. त्या वर्गातला राजपुत्र चुलालोंगकोर्ण १८६८ मध्ये राजा झाला. त्याने दरबारातलं लोटांगण बंद केलं आणि १९०५ पर्यंत टप्प्याटप्प्याने गुलामी संपवली. याचं सगळं श्रेय मास्तरणीला देणं त्याच्यावर अन्याय ठरेल.

पुढे अमेरिकेत जाऊन तिने सयामवर पुस्तकं लिहिली. त्यात तिखटमीठ बरंच होतं. थायलंडमध्ये त्याचा राग आजही आहे, तिथे त्यावरच्या चित्रपटांवर बंदी आली. कॅनडात हॅलिफॅक्सला १८८७ मध्ये कलाशाळा उभी करण्यात तिचा मोठा वाटा होता. स्त्रियांच्या मताधिकारासाठीही ती झटली. १९१५ मध्ये मॉन्ट्रियलला ती वारली.

तिचं गुपित ती गेल्यावरही साठेक वर्षं टिकलं. १९७० च्या दशकात ब्रिस्टो नावाचा, एरवी कोळ्यांचा अभ्यास करणारा संशोधक लुईचं चरित्र लिहू लागला. त्याने जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा खरं बाहेर आलं. पण किंमत तिने हयातीतच मोजली होती. सख्खी बहीण एलायझा तिने कायमची तोडली. या बहिणीचा नातू म्हणजे 'फ्रँकेन्स्टाइन'मधला प्रसिद्ध नट बोरिस कार्लोफ. एवढं नाव काढलेलं आपल्याच रक्ताचं पोर, पण त्याला आपलं म्हणायची सोय तिने ठेवली नव्हती.

मित्रमैत्रिणींनो, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, रोज नव्या मुलांच्या मुलाखती घेते. घरी अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी आणि आता इंग्रजी, असा प्रवास करून आलेली आपल्याकडची पोरं लगेच ओळखू येतात. गाव विचारलं की ती नाशिककडचा म्हणून मोकळी होतात. मला त्यांचा राग येत नाही. ॲनाचाही येत नाही. तिला शिकवता येत होतं, ते खरं होतं. खोटं होतं ते फक्त कूळ, आणि ते खोटं तिच्याकडून त्या काळाने बोलून घेतलं.

आपल्यावर आज तशी सक्ती नाही. या स्मरणिकेच्या शेवटच्या यादीत आपल्या प्रत्येकाच्या नावापुढे मूळ गाव छापलं आहे. पारोळा, चोपडा, साक्री, शिरपूर, एरंडोल. मुलांना ती यादी जरूर वाचून दाखवा.