विश्लेषण : घरासाठी पालिकेनेच कर्ज द्यावे, असा कायदा आणणारे जोसेफ चेंबरलेन कोण होते?

घर घ्यायचे म्हणजे बँकेत जायचे, हप्ता किती बसतो ते बघायचे, नाहीतर म्हाडाच्या सोडतीत नशीब आजमावायचे. महापालिकेत मालमत्ता कर भरायला जातात, गृहकर्ज मागायला नाही. ब्रिटनमध्ये मात्र १८९९ साली तशी सोय करणारा कायदा झाला. छोट्या घराच्या खरेदीसाठी स्थानिक पालिकेने रहिवाशाला कर्ज द्यावे, अशी ती तरतूद होती. तिचा पाठपुरावा करणारे जोसेफ चेंबरलेन तेव्हा वसाहत खात्याचे मंत्री होते. डोळ्यावर एकच भिंग आणि कोटाला ऑर्किडचे फूल, अशी त्यांची छबी व्यंगचित्रकारांच्या फार आवडीची होती.

स्क्रूच्या कारखान्यातून महापौरपदापर्यंत

चेंबरलेन यांचा जन्म ८ जुलै १८३६ रोजी लंडनमध्ये झाला. वडिलांचा बुटांचा व्यवसाय होता. अमेरिकेतून आलेल्या, लाकडात बसवायच्या टोकदार स्क्रूच्या तंत्रात वडिलांनी पैसे गुंतवले आणि त्यावर नजर ठेवायला अठरा वर्षांच्या जोसेफना १८५४ मध्ये बर्मिंगहॅमला धाडले. मुलगा तिथलाच झाला. नेटलफोल्ड या आत्याच्या घराण्याबरोबरचा हा धंदा त्यांनी इतका वाढवला की, अडतिसाव्या वर्षी, १८७४ मध्ये, भरपूर पैसा गाठीशी बांधून ते त्यातून निवृत्त झाले.

घरात मात्र दुःखच होते. पहिली पत्नी १८६३ मध्ये बाळंतपणात गेली, दुसरी १८७५ मध्ये तशीच. दुसरा आघात झाला तेव्हा ते महापौर होते. त्यानंतर ते कामात अधिकच बुडाले.

१८७३ ते १८७६ ही महापौरपदाची अवघी तीन वर्षे. त्या काळात त्यांनी शहरातल्या खासगी गॅस कंपन्या पालिकेसाठी विकत घेतल्या. त्यासाठी सुमारे २० लाख पौंडांचे कर्ज उभारावे लागले, तेव्हा अनेकांना धडकी भरली. पण पहिल्याच वर्षी सुमारे ३४ हजार पौंड नफा झाला. मग पाणीपुरवठाही पालिकेकडे आला. तिथे त्यांचा हिशेब वेगळा होता : गॅसवर नफा घ्यावा, पाण्यावर घेऊ नये, कारण पाणी हा आरोग्याचा प्रश्न आहे. पालिकेची पत वापरून स्वस्तात पैसा उभारायचा आणि तो नागरिकांच्या कामी लावायचा, हे सूत्र इथे पक्के झाले. गृहकर्जाच्या कल्पनेचे मूळही यातच सापडते.

वस्त्या पाडल्या, घरे कुठे गेली?

१८७५ मध्ये संसदेने गलिच्छ वस्त्या ताब्यात घेण्याचा अधिकार पालिकांना दिला. चेंबरलेन यांनी तो लगेच वापरला. शहराच्या मध्यभागी दाटीवाटीची घरे पाडून रुंद कॉर्पोरेशन स्ट्रीट काढण्यात आला. दोन्ही बाजूंच्या जमिनी ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आल्या. पट्टे संपले की सगळी मालमत्ता पालिकेकडे परत येणार होती. व्यवहार म्हणून तो उत्तम होता.

पण तिथे राहणाऱ्यांचे काय? नव्या रस्त्यावर दुकाने आणि कचेऱ्या आल्या. हटवलेले मजूर शेजारच्या, आधीच भरलेल्या वस्त्यांत शिरले. पालिकेची स्वतःची घरे उभी राहायला पुढे दहा वर्षांहून अधिक काळ लागला आणि तीही मोजकीच होती. चेंबरलेन यांच्या चाहत्यांनी हा भाग नेहमीच हळू आवाजात सांगितला आहे.

१८९९ च्या कायद्यात काय होते?

१८७६ मध्ये ते खासदार झाले, पुढे मंत्री. आयर्लंडच्या स्वराज्याला विरोध म्हणून १८८६ मध्ये त्यांनी लिबरल नेते ग्लॅडस्टन यांची साथ सोडली आणि नंतर कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या गोटात गेले. कामगारांना अपघाताची भरपाई देणाऱ्या १८९७ च्या कायद्यामागेही त्यांचाच रेटा होता. कामगाराने स्वतःच्या घराचे मालक व्हावे, हा मुद्दा ते १८९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून मांडत होते. त्यात कळवळा होता तसे राजकारणही होते. घराचा मालक झालेला कामगार समाजवाद्यांच्या मागे जाणार नाही, हे गणित त्यांच्या पक्षात सगळ्यांना समजत होते.

कायदा असा होता. घराची किंमत ४०० पौंडांपेक्षा जास्त नको. पालिका किमतीच्या चार-पंचमांश रक्कम देणार, मात्र साधारणपणे २४० पौंडांपर्यंत आणि काही प्रकारच्या मालकीत ३०० पर्यंत. फेड जास्तीत जास्त ३० वर्षांत. पालिकेला सरकारी कर्ज ज्या दराने मिळते, त्यापेक्षा फार तर अर्धा टक्का जास्त व्याज. घेणाऱ्याने त्या घरात तीन वर्षे स्वतः राहायचे, आगीचा विमा उतरवायचा, डागडुजी करायची आणि तिथे दारू विकायची नाही.

आजच्या गृहकर्जाशी हे बरेच जुळते. वीस टक्के स्वतःचे आणि ऐंशी टक्के कर्ज, हे प्रमाणही ओळखीचेच.

मग कर्जे फार का दिली गेली नाहीत?

अडचण त्या वीस टक्क्यांतच होती. २०० पौंडांचे घर घ्यायचे तर ४० पौंड हातात हवेत. आठवड्याला पौंड-सव्वा पौंड कमावणाऱ्या मजुराला ती आठ-नऊ महिन्यांची पूर्ण मजुरी. म्हणजे लाभ घेऊ शकत होते ते कुशल कारागीर, कारकून आणि छोटे दुकानदार. काम जाईल तिथे बिऱ्हाड हलवणाऱ्याला तीन वर्षे राहण्याची अटही जाचक होती.

शिवाय हा कायदा पालिकांवर बंधनकारक नव्हता. पालिकेने ठराव करून तो स्वीकारला तरच लागू. खर्चाचा बोजा स्थानिक करावर ठराविक मर्यादेपलीकडे पडला, तर नवी कर्जे थांबवण्याचीही तरतूद होती. सावध नगरसेवकांना एवढे कारण पुरेसे होते. पहिल्या महायुद्धापर्यंत फार थोड्या पालिका या वाटेला गेल्या.

आणि ज्यांनी तो रेटायचा, त्या चेंबरलेन यांचे लक्ष तोवर दुसरीकडे गेले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले. वसाहतमंत्री म्हणून ते त्या युद्धाचा चेहराच बनले. १९०३ मध्ये आयातकराच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले. सत्तरावा वाढदिवस बर्मिंगहॅमने थाटात साजरा केला आणि काही दिवसांतच, जुलै १९०६ मध्ये, त्यांना पक्षाघात झाला. २ जुलै १९१४ रोजी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याचा प्रस्ताव कुटुंबाने नाकारला. बर्मिंगहॅमच्या की हिल दफनभूमीत ते विसावले.

कल्पनेचे पुढे काय झाले?

पहिल्या महायुद्धानंतर कर्जाच्या मर्यादा वाढवण्यात आल्या आणि पालिकांची गृहकर्जे खऱ्या अर्थाने सुरू झाली. बर्मिंगहॅममध्ये तर ती वेगळ्याच वाटेने आली. चेंबरलेन यांचे धाकटे पुत्र नेव्हिल, म्हणजे १९३८ मध्ये म्युनिकला हिटलरशी करार करणारे पंतप्रधान, त्याआधी याच शहराचे महापौर होते. त्यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये पालिकेची बचत बँक निघाली आणि १९१९ मध्ये तिला कायमचे रूप मिळाले. कामगार तिथे आठवड्याला थोडेथोडे पैसे ठेवत आणि तीच बँक ठेवीदारांना घरासाठी कर्ज देत असे. म्हणजे सुरुवातीची रक्कम जमवण्याची जागा आणि कर्ज मिळण्याची जागा एकच झाली. ही बर्मिंगहॅम म्युनिसिपल बँक १९७६ पर्यंत पालिकेकडे होती.