उज्जीया राजाचे धुपाटणे

परमेश्वराचा अनादर करणारे पुष्कळ राजे जुन्या करारात आढळतात. मनश्शेने मंदिरातच मूर्ती मांडली. यहोयाकीमाने भविष्यवाद्याची गुंडाळी चाकूने कापून शेगडीत जाळली. असा उघड अनादर लहान मुलाच्याही ध्यानात येतो. परंतु उज्जीयाचा अनादर निराळ्या प्रकारचा होता. तो मंदिर सोडून गेला नाही, तर हाती धूप घेऊन मंदिरात गेला. म्हणून त्याचे चरित्र आम्ही आज मंडळ्यांपुढे ठेवीत आहो.

उज्जीया, ज्यास राजांच्या पुस्तकात अजऱ्या असेही म्हटले आहे, हा यहूदाचा राजा होता. त्याचा बाप अमस्या बंडखोरांच्या हातून लाखीश येथे मारला गेला. उज्जीया सोळा वर्षांचा असता राजासनावर बसला व त्याने यरुशलेमेत ५२ वर्षे राज्य केले. तरुणपणी त्यास जखऱ्या नावाचा एक देवभक्त गुरू लाभला होता. त्याच्या संगतीत तो परमेश्वरास शरण राहिला, आणि तोपर्यंत देवाने त्याची भरभराट केली.

ती भरभराट शेतकऱ्यांस विशेष समजेल अशी होती, कारण या राजास शेतीची आवड होती. त्याने रानात बुरूज बांधले व पाण्यासाठी पुष्कळ टाकी खोदविली. तळवटीत व माळावर त्याची गुरे चरत. डोंगरावर त्याचे द्राक्षमळे होते. त्याने पलिष्ट्यांचे गथ, यब्ने व अश्दोद यांचे कोट पाडले, एलाथ बंदर पुन्हा बांधले आणि यरुशलेमेच्या वेशींवर बुरूज उभारले. बाण व मोठे धोंडे फेकणारी यंत्रे त्याने कुशल कारागिरांकडून करविली. त्याच्या सैन्यात ३,०७,५०० लढवय्ये होते. त्याची कीर्ती मिसर देशाच्या सीमेपर्यंत गेली.

पण बळ आले आणि मन चढले. एके दिवशी तो धुपाटणे घेऊन परमेश्वराच्या मंदिरात शिरला. धूपवेदीवर धूप जाळण्याचे काम नियमशास्त्राने अहरोनाच्या वंशजांस नेमून दिले होते. ज्याची सत्ता साऱ्या देशावर चालत होती, त्यास ही एक मर्यादा सोसवेना. अजऱ्या याजक ८० धैर्यवान याजकांसह त्याच्या मागोमाग आत गेला आणि त्याने राजास तोंडावर सांगितले की हे काम तुमचे नव्हे, येथून निघा. तेथेच राजाने पश्चात्ताप केला असता, तर त्याचे चरित्र निराळे झाले असते. परंतु तो संतापला. धुपाटणे हातातच होते. इतक्यात त्याच्या कपाळावर कोड फुटले. मग तो स्वतःच बाहेर जाण्यास घाई करू लागला.

यापुढे तो मरेपर्यंत वेगळ्या घरात राहिला व त्याचा पुत्र योथाम कारभार पाहू लागला. मेल्यावर त्यास राजांच्या कबरस्तानाच्या शेतात पुरले. १९३१ साली यरुशलेमेत एक अरामी भाषेतील शिलालेख प्रसिद्धीस आला. तो राजाच्या मरणानंतर काही शतकांनी कोरलेला आहे. यहूदाचा राजा उज्जीया याच्या अस्थी येथे आणल्या असून ही जागा उघडू नये, असा त्याचा आशय आहे. मरणानंतरही त्याच्या अस्थी एका ठिकाणी राहिल्या नाहीत.

येथे दोन गैरसमज टाळले पाहिजेत. पहिला हा की, रोगी मनुष्य पापीच असतो. शास्त्रातील त्या शब्दाखाली कातडीचे अनेक विकार येतात. आज आपण ज्यास कोड म्हणतो त्याने कोणी विटाळत नाही, आणि कुष्ठरोग तर जंतूंपासून होतो व औषधाने बरा होतो. अशा भावास वा बहिणीस मंडळीत मागे बसविणे हाच देवाचा अनादर होय. दुसरा गैरसमज हा की, पाळकास कोणी काही बोलू नये, एवढाच या गोष्टीचा बोध आहे. ख्रिस्ताच्या ठायी सर्व विश्वासणारे याजक आहेत. अजऱ्याचा आदर जो दिसला, तो बलवानापुढे उभे राहून सत्य बोलण्यात दिसला.

ज्या वर्षी उज्जीया मेला, म्हणजे इ. स. पूर्व ७४० च्या सुमारास, त्याच वर्षी यशयास दर्शन झाले. प्रभू उंच सिंहासनावर बसला आहे, सराफीम आपली तोंडे झाकून घेत आहेत आणि मंदिर धुराने भरून गेले आहे, असे त्याने पाहिले. कोड झालेल्याने ओठ झाकून आपण अशुद्ध आहो असे ओरडावे, हा नियम होता. यशयाचे अंग निरोगी होते, तरी त्याने आपले ओठ अशुद्ध आहेत असे आपण होऊन कबूल केले. तेव्हा वेदीवरील निखारा त्याच्या ओठांस लागला व त्याचा दोष दूर झाला. एक जण आपला मोठेपणा घेऊन वेदीपाशी गेला आणि अशुद्ध होऊन बाहेर पडला. दुसऱ्याने आपली अशुद्धता कबूल केली आणि शुद्ध होऊन सेवेस पाठविला गेला.

उपदेशक बंधूंनो, हे आम्ही प्रथम आमच्याच मनास सांगतो. नव्या विश्वासणाऱ्याचे हात प्रार्थनेस जोडताना कापतात. आपणांस वीस वर्षांची सवय झालेली असते. उपासना आमच्यावाचून चालत नाही, भजन आमच्यामुळे रंगते, बाप्तिस्मे आमच्या श्रमाने झाले, असे जेव्हा मनात येते, तेव्हा उज्जीयाचे धुपाटणे आमच्या हाती आले असे समजावे. आणि कोणी भाऊ वाट अडवून सावध करील, तर संताप न करता ते तेथेच खाली ठेवावे. तशी कृपा प्रभू आम्हां सर्वांस देवो.