शिफारस करणारे गुरुजी : कृष्णराव अर्जुन केळुसकर

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मी संध्याकाळी सातवी-आठवीच्या मुलांचा अभ्यास घेते. गेल्या वर्षी जवळच्याच एका शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतले. गरीब घरातल्या, अभ्यासात चांगली प्रगती दाखविणाऱ्या एका विद्यार्थ्याला पारितोषिक द्यायचे होते आणि अभ्यासिकेतून एक नाव त्यांना हवे होते. अर्जात गुणांचा रकाना होता, उत्पन्नाच्या दाखल्याचा होता आणि खाली शिफारस करणाऱ्यासाठी चार ओळींची जागा होती. मी गुणपत्रके पुढे ओढली, ज्याचे टक्के सर्वांत जास्त त्याचे नाव लिहिले आणि पाच मिनिटांत मोकळी झाले. त्या चार ओळी मी कोऱ्याच सोडल्या.

पुढे ग्रंथालयात धनंजय कीर यांनी लिहिलेले डॉ. आंबेडकरांचे चरित्र वाचताना कृष्णराव अर्जुन केळुसकर भेटले आणि त्या कोऱ्या ओळी मला टोचू लागल्या.

केळुसकरांचा जन्म १८६० सालचा. वेंगुर्ले तालुक्यातले केळूस हे त्यांचे गाव. विद्येची मक्तेदारी ज्या घरांत होती त्यांतले हे घर नव्हे. मुंबईत ते विल्सन हायस्कुलात शिक्षक झाले आणि शिकवता शिकवता लिहीत राहिले. तुकाराममहाराजांचे चरित्र, गौतम बुद्धाचे चरित्र आणि शिवाजीमहाराजांचे मोठे चरित्र ही त्यांची कामगिरी. शिवचरित्रावरून प्रा. ताकाखाव यांनी सिद्ध केलेला इंग्रजी ग्रंथ १९२१ साली निघाला. बुद्धाचे चरित्र १८९८ चे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या ग्रंथमालेसाठी ते लिहिलेले होते. ह्या पुस्तकाकडे पुन्हा यायचे आहे.

शाळा सुटल्यावर केळुसकर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसत. तिथे त्यांना एक मुलगा रोज दिसू लागला. एल्फिन्स्टन हायस्कुलातला हा मुलगा परळच्या चाळीत एका खोलीत राहणाऱ्या मोठ्या कुटुंबातला होता. घरी वाचायला जागा नाही म्हणून तो बागेत येई. केळुसकरांनी त्याची विचारपूस केली. तो महार आहे हे कळले. मग त्यांनी त्याला आपल्याकडची पुस्तके द्यायला सुरुवात केली. तो मुलगा म्हणजे भीमराव. मला इथे थांबावेसे वाटते, कारण केळुसकरांनी त्याची गुणपत्रिका मागितली असे कुठे लिहिलेले नाही. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. माझ्यासारखीच्या हाती ती निवड असती तर काय झाले असते, ह्याचा विचार मी फार वेळ करीत नाही.

त्यांच्या सत्काराची हकीकत दोन तऱ्हांनी सांगितली जाते. कीरांच्या मते तो मॅट्रिकनंतरचा आणि अध्यक्ष सी. के. बोले. बाबासाहेबांनी स्वतः १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत तो इंग्रजी चौथीनंतरचा आहे आणि अध्यक्ष केळुसकर आहेत. ह्याच प्रस्तावनेत वडिलांच्या नकाराची गोष्ट येते. सुभेदार रामजींनी सभेला साफ नकार दिला होता. पोराने एक परीक्षा तर दिली आहे, त्याच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा लोक केळुसकरांकडे गेले, कारण ते रामजींचे स्नेही. त्यांनी रामजींशी वाद घातला, त्यांचे मन वळविले आणि सभा झाली. हकीकत कोणतीही धरली, तरी पुस्तक दिले ते केळुसकरांनीच. आपले बुद्धचरित्र त्यांनी त्या मुलाच्या हाती ठेवले. १९५६ साली नागपूरला काय घडले ते वाचकांना सांगायला नको.

ही गोष्ट वाचताना मला माझे वडील आठवले. ते यंत्रमागावर पाळी करतात. मी दहावी झाले तेव्हा त्यांच्या कारखान्यातल्या मंडळींनी हार आणला होता. वडिलांनी रामजींसारखेच कारण सांगून नकार दिला. त्यांची समजूत घालायला आमच्याकडे कोणी दादा केळुसकर आले नाहीत. तो हार कारखान्यातल्या गणपतीच्या तसबिरीला घातला गेला. मला वाईट वाटले होते, पण वडिलांना माझा अभिमान नव्हता असे मी म्हणणार नाही.

भीमराव कॉलेजात गेले खरे, पण रामजींची पुंजी संपत आली. सयाजीराव महाराजांनी लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करण्याचे मुंबईच्या टाउन हॉलमधल्या सभेत जाहीर केलेले होते. असली आश्वासने सभेतच विरतात. केळुसकरांनी ते लक्षात ठेवले. त्यांनी नाव नुसते पत्राने कळविले नाही, तर मुलाला बरोबर घेऊन महाराजांसमोर उभे केले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ साली भीमरावांनी बी. ए. ची परीक्षा दिली आणि १९१३ साली ते बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले.

पुढचा भाग मला सर्वांत जास्त वाचनीय वाटला, आणि सत्कारांच्या भाषणांत तो क्वचितच येतो. १९१७ साली आंबेडकर परतले आणि करारानुसार बडोद्याला नोकरीस गेले. तिथे त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी उतारगृहातून लोकांनी त्यांना काठ्या उगारून बाहेर काढले आणि ते मुंबईला परतले. तेव्हा केळुसकर पन्नाशी उलटलेले होते. त्यांनी पुन्हा खटपट केली. बडोद्यातल्या आपल्या एका प्राध्यापक स्नेह्याकडे आंबेडकरांना ठेवून घेण्याची व्यवस्था त्यांनी केली. आंबेडकर बडोद्याला उतरले, तर स्टेशनवरच त्यांच्या हाती चिठ्ठी पडली. प्राध्यापकांच्या पत्नीचा विरोध असल्यामुळे जागा देता येत नव्हती. ते तसेच परत फिरले. केळुसकरांचे नाव, त्यांची पुस्तके, दरबारातली ओळख ह्यांतले काहीही त्या घराच्या उंबऱ्याआत चालले नाही. दहा वर्षांपूर्वी ज्याचे नाव सुचविले, तो आता दोन परदेशी विद्यापीठांत शिकून आलेला होता, तरीही गुरुजींना त्याच्यासाठी शब्द टाकावा लागत होता, आणि त्यांनी तो टाकला.

केळुसकर १९३४ साली वारले.

माझ्या अभ्यासिकेत आठवीतली एक मुलगी आहे. सकाळी शाळेआधी ती घरी कांड्या भरते. तिचे टक्के बेताचे आहेत, कारण पहिल्या तासाला ती बहुतेक उशिरा पोहोचते. पण मी फळ्यावर गणित सोडविताना चुकले, की पहिला हात तिचा वर येतो. गोष्टींची पुस्तके ती दोनदा वाचून परत करते. गेल्या वर्षी हे सगळे मला ठाऊक होते. चार ओळींत सहज मावले असते.

यंदाचा अर्ज आला आहे. ओळी मी लिहून ठेवल्या आहेत, पण पालकांची सही राहिली आहे. गेल्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले, तर तिच्या वडिलांनी नको म्हटले. कार्यक्रमाच्या दिवशी कांड्या कोण भरणार, आणि चारचौघांत गरीब म्हणून नाव पुकारलेले त्यांना आवडत नाही. दुसऱ्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. शाळेतल्या बाईंना मी विचारले आहे, की व्यासपीठावर नुसते नाव वाचले आणि कोणत्या गटातले पारितोषिक ते वाचले नाही तर चालेल का. त्या चालेल म्हणाल्या. शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात, तेव्हा ते घरी भेटतील. माझ्या वडिलांना मी बरोबर चला म्हटले आहे. ते येतील.