राजाला प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री प्रभुणे

नाशिकहून गंगापूरच्या रस्त्याला लागले की गोदामाईच्या काठी आनंदवल्ली लागते. माणसे नवश्या गणपतीला नारळ वाढवतात, घटकाभर नदीकडे पाहत बसतात आणि घरी परततात. आम्हीही जातो. पण तिथे बसले की आमच्या मनात गणरायामागोमाग एक शास्त्रीबोवा येऊन उभे राहतात. ते या गावचे नव्हेत. या गावात वाडा करून राहिलेल्या राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे ते. रामशास्त्री प्रभुणे हे त्यांचे नाव.

शास्त्रीबोवांची गोष्ट आम्ही कीर्तनात दृष्टान्त म्हणून चाळीस वर्षे सांगत आलो. मागे निफाडकडच्या एका गावी सप्ताहात ती सांगून झाली, बुक्का लावणे चालले होते, तेव्हा एक शेतकरी गृहस्थ पुढे आले. पायावर डोके ठेवून त्यांनी विचारले, की महाराज, ती शिक्षा शेवटी झाली का? नाही झाली, असे आम्ही सांगितले. मग शास्त्र्यांनी ती सांगून काय मिळविलं, एवढेच विचारून ते पंगतीला गेले. आम्हाला काही उत्तर सुचले नाही. वाचकांनी हा लेख म्हणजे त्या गृहस्थांना उशिरा दिलेले उत्तर समजावे.

रामशास्त्र्यांचा जन्म साताऱ्याजवळ माहुलीचा, कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचा. लहानपणी विद्येची गाठ पडली नाही. साताऱ्यात एका सावकाराच्या घरी पडेल ते काम करीत. असे सांगतात की धन्याच्या पायावर पाणी घालताना त्यांची नजर त्याच्या कानातल्या भिकबाळीवर खिळली आणि पाणी भलतीकडे गेले. असली भिकबाळी विद्येने नाही तर तलवारीने मिळते, तांब्या धरून मिळत नाही, असा टोमणा धन्याने मारला. तो जिव्हारी लागला. विशीतला हा मुलगा पायी काशीला गेला आणि बाळंभट्ट पायगुंड्यांपाशी शास्त्र शिकला. आम्हीही पाठशाळेतलेच. विशीनंतर व्याकरणाला हात घालणे म्हणजे काय असते ते आम्हाला ठाऊक आहे, म्हणून हा प्रसंग सांगताना आमचा हात आपोआप जोडला जातो.

१७५१ साली शास्त्रीबोवा पेशव्यांच्या पदरी आले आणि १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. घरात एका दिवसापुरती शिधासामग्री ठेवावी, जास्त ठेवू नये, असा त्यांचा नेम होता. ज्याला गमावण्यासारखे काही नाही त्याला भीती घालायची कशाची? त्यांच्या पत्नी एकदा वाड्यात गेल्या असता त्यांना दागिन्यांनी मढवून पालखीतून घरी पाठविले, तेव्हा शास्त्रीबोवांनी दारातच ती पालखी आपली नव्हे म्हणून परत फिरविली, असेही सांगतात. दक्षिणेच्या वेळी त्यांचे सख्खे भाऊ रांगेत आले. नाना फडणिसांनी थोडी जास्त दक्षिणा सुचविली. विद्वत्तेप्रमाणे इतरांना जे मिळते तेच भावाला द्यावे, भाऊ म्हणून काय द्यायचे ते आपण घरी देऊ, असे शास्त्रीबोवांनी सांगितल्याची कथा आहे. कथा कानोकानी आलेल्या आहेत, पण लोकांनी त्या या एकाच माणसाभोवती का गुंफल्या, याचा विचार करावा.

थोरल्या माधवरावांचाही एक प्रसंग प्रसिद्ध आहे. तरुण पेशवे जपध्यानात फार वेळ घालवू लागले. काम घेऊन आलेले शास्त्रीबोवा ताटकळत राहिले. त्यांनी काशीला जाण्याची रजा मागितली. जपच करायचा तर दोघे मिळून गंगातीरी बसू, आणि गादीवर बसायचे तर आधी रयतेचे काम, असा त्यांचा आशय होता. माधवरावांनी चूक कबूल केली. मोठेपण दोघांचे, बरं का! सांगणारा लागतो, तसा ऐकणाराही लागतो.

पुढे ऐकणारा उरला नाही. माधवराव १७७२ मध्ये गेले. धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. काका राघोबादादा १७६८ मध्ये आपल्या नाशिक जिल्ह्यातल्याच धोडप किल्ल्यापाशी माधवरावांकडून हरले होते आणि तेव्हापासून बहुतेक काळ नजरकैदेतच होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, भर दुपारी गारदी शनिवारवाड्यात शिरले. अठरा वर्षांचा पेशवा धावत काकांच्या महालात गेला, त्यांना मिठी मारली, आणि तिथेच त्याचा खून झाला. दादा पेशवे झाले.

चिठ्ठीतला धरावे हा शब्द आनंदीबाईंनी मारावे असा केला, ही गोष्ट घरोघर ठाऊक आहे. त्या अक्षराच्या वादात आम्ही शिरत नाही. नुसते धरण्याचाच हुकूम होता असे मानले, तरी आपल्या धन्याला धरण्यासाठी गारदी बोलावणारा निर्दोष कसा? रामशास्त्र्यांनी चौकशी केली आणि दोष नव्या पेशव्यावर ठेवला. दादांनी प्रायश्चित्त विचारले, तेव्हा देहान्ताखेरीज दुसरे नाही असे सांगितले.

इथे शास्त्राची एक अडचण सांगितली पाहिजे. दंड करण्याचा अधिकार राजाचा, प्रायश्चित्त सांगण्याचा शास्त्र्यांचा. अपराधी राजाच असेल तर दंड कोणी करावा? स्मृतिकारांनाही ही शंका होती. म्हणूनच जिथे सामान्य माणसाला एक कार्षापण दंड तिथे राजाला हजार, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. पण त्याच स्मृतीने ब्राह्मणाला वधदंडातून सूट दिली आहे, हेही आम्ही झाकून ठेवणार नाही. जात पाहून शिक्षा कमीजास्त करणे हा त्या धर्मशास्त्राचा उणेपणाच आहे. राघोबादादांच्या अंगावर अशी दोन चिलखते होती, एक जातीचे आणि एक गादीचे. रामशास्त्र्यांच्या निर्णयापुढे दोन्ही चालली नाहीत. दंड देणे त्यांच्या हाती नव्हते. जे हाती होते ते त्यांनी पुरेपूर वापरले. पदाचा त्याग करून ते पुणे सोडून वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

आता त्या गृहस्थांचा प्रश्न. काय मिळविलं? शिक्षा झाली नाही हे खरे. दादांना गादीवरून काढले ते बारभाईंच्या राजकारणाने आणि फौजेने, शास्त्रार्थाने नव्हे. दादा इंग्रजांकडे गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह केला, युद्ध ओढवले. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर ते कोपरगावी येऊन राहिले आणि १७८३ मध्ये वारले. आनंदवल्लीवरून वाहणारे पाणीच कोपरगावाला जाते. आनंदीबाई पुढे आनंदवल्लीतच १७९४ मध्ये गेल्या.

पण दादांना फौज मिळाली, गोऱ्यांचा आश्रय मिळाला, वस्त्रे मिळाली, एक गोष्ट मात्र मिळाली नाही. न्यायासनावर बसून त्यांना निर्दोष म्हणणारे रामशास्त्री मिळाले नाहीत. खून हा खूनच राहिला, त्याला राजकारण हे नाव पडले नाही. बारभाईंचा कारभार बसल्यावर शास्त्रीबोवा मानाने परत आले आणि १७८९ मध्ये, म्हणजे मरेपर्यंत, न्यायाचे काम करीत राहिले.

आज राजे नाहीत, कायदे करणारे आपणच निवडून देतो. कायद्यापुढे सर्व समान, असे १९५० पासून आपली राज्यघटना सांगते. सभागृहात निर्भयपणे बोलता यावे म्हणून आमदार-खासदारांच्या तिथल्या भाषणाला आणि मताला संरक्षण आहे. ते असावेच. गरिबाची बाजू मांडणाऱ्याला कोर्टाची धास्ती नको. परंतु १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन विरुद्ध दोन अशा निकालाने, लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्यालाही त्याच छत्राखाली जागा मिळाली. छत्री पावसासाठी दिलेली, तिच्याआड चोरी झाकली गेली! ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायाधीशांनी ते एकमताने मोडून काढले. त्याआधी २०१३ मध्ये, शिक्षा झालेल्या आमदार-खासदाराला अपिलाच्या आधारावर पद टिकवू देणारे कलमही न्यायालयाने रद्द केले. ते कलम केले होते कोणी? ज्यांना त्याचा लाभ होता त्यांनीच. स्वतःचे माप स्वतः करणाऱ्याचा हात नेहमी थोडा सैल सुटतो.

दुसऱ्याला कशाला बोल लावावा? आमच्याच गावच्या सप्ताहात रात्री दहाला कीर्तन आवरायचे, हा नियम आम्हीच घातला. नव्या कीर्तनकारांना आम्ही तो दरडावून सांगत असू. एका वर्षी आमचीच सेवा होती. रंग चढला, साडेदहा होत आले. महाराजांना कोण अडवणार? आमचे वृद्ध मृदंगमणी काही बोलले नाहीत. त्यांनी मृदंगावरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. टाळ हळूहळू थांबले. आम्ही ओशाळलो आणि कीर्तन आवरते घेतले.

त्या गृहस्थांना आता आमचे हेच सांगणे आहे. शास्त्रीबोवांच्या हाती तलवार नव्हती, साथ देणे न देणे तेवढे होते. ती त्यांनी दिली नाही. सत्ता ज्याच्या हाती त्याला नियम लागू व्हायचा असेल, तर कोणीतरी वेळेवर मृदंगावरचा हात काढावा लागतो. आणि तो हात काढणारा आपल्या शेजारी बसला असेल, तर त्याचा राग धरू नये.