तांड्यातून मंत्रालयापर्यंत

दरवर्षी १ जुलैला आपल्याकडे कृषिदिन होतो. शाळेत फोटोला हार घातला जातो, झाडे लावली जातात. पण मैत्रिणींनो, ज्यांचा हा वाढदिवस, ते वसंतराव नाईक कुठल्या घरातून आले हे आपल्या मुलांना ठाऊक असते का?

१९१३ साली पुसदजवळच्या गहुली या बंजारा तांड्यावर त्यांचा जन्म झाला. बैलांवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणारा हा समाज. रेल्वे आली आणि तो धंदाच बसला. त्यात १८७१ च्या इंग्रजी कायद्याने कितीतरी भटक्या जमाती जन्मापासूनच गुन्हेगार ठरवल्या. त्या शिक्क्याची झळ बंजाऱ्यांनाही लागली. तो कायदा जायला १९५२ साल उजाडले.

अशा तांड्यावरचा हा मुलगा गावोगावच्या शाळा करत नागपूरला पोचला आणि १९४० मध्ये वकील झाला. पुढच्याच वर्षी नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय लग्न केले. त्या काळी ही काय सोपी गोष्ट होती? पुसदचे नगराध्यक्ष, आमदार, मंत्री असे करत १९६३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि ११ वर्षांहून जास्त काळ त्या पदावर राहिले.

१९७२ च्या दुष्काळात घराघरातली चूल थंडावली, तेव्हा वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना त्यांच्या सरकारने राज्यभर नेली. खडी फोडायला, बांध घालायला बायाही मोठ्या संख्येने आल्या. मागेल त्याला काम, आणि बाई-माणूस दोघांना दर सारखाच! १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. २००५ चा देशाचा कायदा याच वाटेने आला. १९७७ मध्येच आपल्या वाशीमने त्यांना खासदार म्हणून दिल्लीला पाठवले. १९७९ मध्ये सिंगापूरला त्यांचे निधन झाले.

हे सगळे आठवते ते दिवाळीनंतर. केनवडच्या आसपास फिरताना तांड्यावरची बिऱ्हाडे ऊसतोडीला निघालेली दिसतात. आई कोयता घेते, आणि लेकरू शाळेतून उठते. एक मुलगा शिकला तर तो कुठवर जाऊ शकतो, हे गहुलीने दाखवून दिले. मग तांड्यावरची एखादी लेक आजीजवळ गावातच राहून शाळेत टिकावी, एवढे तर आपण शेजारणी म्हणून बघू शकतो ना? यंदा हार घालताना एवढे मनात धरू या.