लक्ष्मीबाई टिळक

लक्ष्मीबाई नारायण टिळक (१ जून १८६८ – २४ फेब्रुवारी १९३६) या मराठी लेखिका व कवयित्री होत्या. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या त्या पत्नी. त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र मराठी गद्यात श्रेष्ठ मानले जाते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या पहिल्या काही पिढ्यांच्या इतिहासाचे ते एक महत्त्वाचे साधनही आहे.

बालपण व विवाह

लक्ष्मीबाईंचा जन्म नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या उठावानंतर फाशी देण्यात आले होते. त्या प्रसंगापासून मनकर्णिकेच्या वडिलांनी सोवळ्याचा अतिरेक सुरू केला व त्याचा जाच साऱ्या घराला सोसावा लागला. १८८० मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास, त्यांचा विवाह टिळकांशी झाला. शाळेचे शिक्षण त्यांना मिळाले नाही. लिहिणे-वाचणे टिळकांनीच शिकवले. पुढे मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहिणाऱ्या लेखिकेची अक्षरओळख एवढ्यावर झाली होती.

धर्मांतराचा काळ

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मुलगा दत्तू (देवदत्त) तेव्हा लहान होता. पतीचे धर्मांतर लक्ष्मीबाईंना मान्य नव्हते. त्या सुमारे पाच वर्षे माहेरच्या नातलगांच्या आधाराने नाशिक, पंढरपूर आदी ठिकाणी राहिल्या. नंतर त्या अहमदनगरला टिळकांकडे आल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आरंभी त्यांनी आपले सोवळे-ओवळे व स्वयंपाक वेगळा ठेवला. जातिभेद त्यांच्या मनातून आधी गेला, धर्मांतर त्यानंतर झाले, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. राहुरी व अहमदनगर येथे दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांचा सांभाळ त्यांनी केला.

बालकवी आणि खानदेश

१९०७ मध्ये जळगाव येथे पहिले मराठी कविसंमेलन डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. धरणगावचा सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे तेथे 'बालकवी' या नावाने गौरवला गेला. संमेलनानंतर टिळकांनी त्याला आपल्याकडे आणले व तो अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिला. तो हिंदूच राहिला आणि ख्रिस्ती घरात मुलासारखा वावरला. या दिवसांचे वर्णन लक्ष्मीबाईंनी केलेले असल्यामुळे बालकवींच्या चरित्रकारांना 'स्मृतिचित्रे' टाळून पुढे जाता येत नाही. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळील भादली स्थानकाच्या परिसरात आगगाडीखाली सापडून बालकवींचा मृत्यू झाला.

टिळकांच्या निधनानंतर

'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनचे १८४२ पासूनचे नियतकालिक. त्याच्या मराठी विभागाचे संपादन टिळकांनी १९१२ पासून केले. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यानंतर लक्ष्मीबाईंनी मुंबईत वसतिगृहाचे काम पाहिले. काही काळ त्या कराचीतही होत्या. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. ते १९३८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. 'भरली घागर' हा त्यांचा कवितासंग्रह आहे.

स्मृतिचित्रे

वडिलांचे चरित्र लिहिण्यासाठी देवदत्तांनी आईकडे आठवणी मागितल्या. त्यातून हे लेखन झाले. आठवणी आधी 'संजीवनी' या नियतकालिकात आल्या, नंतर १९३४ पासून चार भागांत पुस्तकरूपाने.

मिशनच्या अहवालांत बाप्तिस्म्याच्या तारखा, शाळा व मंडळ्यांची संख्या यांची नोंद असते. एका माणसाने धर्म बदलला म्हणजे घरातल्या चुलीचे, पाण्याचे, नातलगांचे काय होते, हे त्यांतून सहसा कळत नाही. लक्ष्मीबाईंनी नेमके तेच लिहिले, आणि विनोदाने लिहिले. टिळकांचा शीघ्रकोप, उधळा हात व विसरभोळेपणा त्यांनी लपवला नाही. स्वतःच्या भित्रेपणाची व हट्टाचीही थट्टा केली. धर्मांतरितांच्या कथांना येणारे साक्षीचे वळण या पुस्तकाला नाही, म्हणून श्रद्धेने वाचणारे आणि केवळ साहित्य म्हणून वाचणारे अशा दोघांनाही ते आपले वाटत आले.

ई. जोसेफिन इंकस्टर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९५० मध्ये, तर शांता गोखले यांचा अनुवाद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. देवदत्तांनी साहित्य अकादमीसाठी संक्षिप्त आवृत्ती संपादित केली. लक्ष्मीबाईंचे नातू अशोक टिळक यांनी पुढे मूळ पुस्तकाची टीपांसह नवी आवृत्ती सिद्ध केली. विजया मेहता यांनी या पुस्तकावर चित्रपट केला असून त्यात लक्ष्मीबाईंची भूमिका सुहास जोशी यांनी केली.