फादर स्टीफन्स : आगमनाचे पुराणकार

फादर थॉमस स्टीफन्स हे नाव मराठीच्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्यास परिचित असते. परंतु हा परिचय बहुधा मराठी भाषेच्या गौरवपर काही ओव्यांपुरताच असतो. त्या ओव्या ज्या ग्रंथात येतात, तो कशासाठी रचला गेला हा प्रश्न मागेच राहतो. साष्टीतील रायतूर ऊर्फ राशोल येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत मुद्रित झालेल्या या ग्रंथाच्या पोर्तुगीज शीर्षकाचा अर्थ, तारक येशू ख्रिस्ताच्या जगातील आगमनाविषयीचे द्विखंडात्मक निरूपण, असा होतो. ‘पुराण’ हे नाव पुढील आवृत्त्यांनी रूढ केले. नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा जो आगमनकाळ ख्रिस्ती उपासनेत पाळला जातो, त्याचेच हे विस्तृत रूप होय, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात बुश्टन येथे झाला. एलिझाबेथ राणीच्या राजवटीत कॅथलिक उपासनेवर बंदी होती. त्यांचे मित्र थॉमस पाउंड यांना धर्मनिष्ठेपायी दीर्घ कारावास भोगावा लागला. स्टीफन्स रोमला गेले आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. पुढील चाळीस वर्षे ते गोव्यातच, मुख्यतः साष्टीत राहिले.

येथे या चरित्रातील अवघड प्रश्न उभा राहतो. स्वदेशी ज्यांच्या धर्मावर बंदी होती, ते गृहस्थ येथे दुसऱ्यांच्या धर्मावर बंदी घालणाऱ्या सत्तेच्या छायेत आले. देवळे पाडली गेली होती आणि पोथ्या बाळगणे हा अपराध ठरला होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांनी पाच येशूसंघीयांना ठार केले आणि सत्तेने त्याचा रक्तरंजित सूड घेतला. मृत सहकाऱ्यांचे देह मिळवून त्यांचे दफन करण्याच्या कामी स्टीफन्स होते. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, त्यांनी आपल्या भावास पत्र लिहिले. त्यात कुंकळ्ळीचा वृत्तान्त आहे, आणि येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्याशी मिळतीजुळती आहे हे निरीक्षणही आहे. विल्यम जोन्स यांच्या १७८६ च्या सुप्रसिद्ध व्याख्यानाच्या दोन शतके आधीचे हे निरीक्षण होय. भोवती इतका क्षोभ असताना हा माणूस भाषेचा कान शाबूत ठेवू शकला, याचे नवल वाटते.

ग्रंथाच्या आरंभी एका ब्राह्मण नवख्रिस्त्याची विनंती येते. जुनी पुराणे आमच्याकडून काढून घेतलीत, तर त्यांच्या जागी काही द्या, असा तिचा आशय आहे. या विनंतीत एक संयत तक्रार दडलेली आहे आणि कवीने ती गाळली नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. त्यांनी उत्तर दिले ते ओवीत, म्हणजे हिरावून घेतलेल्या ग्रंथांच्याच घाटात. यास औदार्य म्हणावे की धर्मप्रसाराची चतुराई, याविषयी मतभेद संभवतात. मला दोन्हीही खरे वाटते.

रचनेकडे पाहता, पहिल्या पुराणात ३६ अवस्वर व ४,१८१ ओव्या, तर दुसऱ्यात ५९ अवस्वर व ६,७८१ ओव्या आहेत. जगाची उत्पत्ती, आदामाचे पतन, नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद, संदेष्टे असा पहिल्या पुराणाचा पट आहे. श्रोत्याला चार हजारांहून अधिक ओव्या ऐकल्यावरच बेथलेहेमच्या जन्मकथेकडे नेले जाते. हा निव्वळ पाल्हाळ नव्हे. देव मनुष्यरूपाने येतो ही कल्पना साष्टीतील श्रोत्यांना नवी नव्हती. आधीचे अनेक अवतार त्यांच्या कानांवर होतेच. त्यांत आणखी एकाची भर, असा समज होऊ द्यायचा नसेल, तर या जन्माची वाट किती पिढ्यांनी पाहिली हे आधी ऐकवणे भाग होते. हा जन्म एकदाच घडला हे सिद्धान्त म्हणून सांगता आले असते; स्टीफन्स यांनी ते कथेच्या लांबीतून श्रोत्यांना अनुभवू दिले. अंकवारी मरिया, क्रूस यांसारखे शब्द वैकुंठाच्या शेजारी बसवताना त्यांना संकोच वाटलेला दिसत नाही.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. या भूमीच्या भाषेत आणि तिच्याच लिपीत ग्रंथ छापले जावेत, अशी विनंती त्यांनी १६०८ मध्ये रोमला आपल्या वरिष्ठांकडे केली होती. युरोपीय भाषांना चोवीस अक्षरे पुरतात. येथे सुमारे सहाशे साचे लागणार, ही अडचण त्यांनीच नमूद केली होती. साचे झाले नाहीत.

१६१९ मध्ये गोव्यातच त्यांचे निधन झाले. ग्रंथाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ व १६५४ मध्ये निघाल्या. तिन्हींपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ च्या आज्ञेने स्थानिक भाषेवरच बंदी आली. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या कॅथलिकांनी हस्तलिखिते जपली, आणि त्यांच्या आधारे जे. एल. सलढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीतच आवृत्ती काढली. संपूर्ण ग्रंथ देवनागरीत छापला गेला तो शांताराम बंडेलू यांच्या हस्ते, पुण्यात, १९५६ मध्ये. सहाशे साच्यांच्या त्या पत्रानंतर ३४८ वर्षांनी.